कुजबुजरावांचा पहिला शब्द

अकरा फेब्रुवारी. नाटकाच्या नव्या शेवटाच्या चार पानांच्या अकरा प्रती काढायला एकशे बत्तीस रुपये लागले. कंपनीच्या नाट्यमंडळाचा खजिनदार म्हणून हा खर्च मी केला आणि त्यातली एक प्रत कुजबुजरावांच्या हातात दिली. त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली. म्हणाले, "बघतो निवांत."

कुजबुजराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते आवक-जावक विभागात होते आणि दरवर्षी वर्धापनदिनाच्या नाटकात प्रॉम्प्टर असायचे, म्हणून हे नाव पडलं. त्यांची एक पद्धत होती. नट अडला की ते अख्खं वाक्य कधीच देत नसत, फक्त पहिला शब्द देत. "पहिला शब्द मिळाला की बाकीचं आपोआप घरंगळत येतं," असं म्हणत. आणि ते खरं होतं. खरेदी विभागाचे साहेब नाटकात राजा व्हायचे, ऑफिसातही त्यांना महाराजच म्हणत. त्यांचं पाठांतर यथातथाच होतं, पण विंगेतून शब्द आला की डोळे मिटून सुरू व्हायचे.

नाटक आमच्या मास्तरांनीच लिहिलेलं. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे, ते बिरुद नोकरी बदलली तरी सुटलं नाही. राजाला भविष्यवेत्ता सांगतो की तुझा मुलगा तुझं नगर बुडवील. राजा तान्ह्या मुलाला देशोधडीला लावतो. मुलगा परमुलखात वाढतो आणि शेवटी वेशीच्या दारावर थाप मारतो. राजा दार उघडू देत नाही, पहारेकरी मुलाला मारतात आणि त्याच्या मागून आलेलं सैन्य सूड म्हणून नगर जाळतं. टाळायला गेला, म्हणूनच घडलं. हे नाटक आम्ही सहा वर्षं करत होतो. त्या वर्षी मास्तरांनी ठरवलं, बास. "दरवर्षी पोरगा मरतो आणि लोक रडत रडत जेवायच्या रांगेत जातात. यंदा राजाला अक्कल येऊ दे." नव्या शेवटात राजा दार उघडायला लावतो.

इथे कुजबुजरावांच्या घरचं सांगायला हवं. त्यांच्या वडिलांचे डोळे पन्नाशीच्या सुमारास गेले. थोरल्या भावाचेही गेले. तो दहा वर्षं खिडकीपाशी खुर्चीत बसून होता आणि तिथेच वारला. कुजबुजराव हे थट्टेत सांगत. "आमच्याकडे पन्नाशी म्हणजे दिवे मालवायची वेळ." याच कारणाने त्यांनी लग्न केलं नाही. टेलिफोन विभागातल्या एका बाई तयार होत्या, दोन वर्षं थांबल्या. यांनीच नाही म्हटलं. आंधळ्याचा हात धरायला कुणाला कशाला आणायचं, म्हणाले.

घरात त्यांच्याबरोबर धाकटी बहीण राहायची. ती शिवणकाम करायची. तिला डोळ्यांत दाब वाढायचा आजार होता आणि आठ वर्षं ती सकाळ-संध्याकाळ थेंब घालत होती. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायची. एकदा मी त्यांच्या घरी चहा पीत असताना तिने माझ्यासमोरच विषय काढला.

"दादा, एकदा डॉक्टरांना डोळे दाखव रे. नुसतं तपासून तर घे."

"तुझं वेगळं. आपल्या घरात पुरुषांचे जातात."

"असं कुणी सांगितलं तुला?"

"बाबांनी दाखवून दिलं, मग भाऊंनी. आणखी कुणी सांगायचं राहिलंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हीच सांगा. सहा वर्षं बघताय ना नाटक? राजा नशिबापासून पळाला म्हणून सापडला. मी पळत नाही. घरी बसून वाट बघतो. कदाचित विसरेल माझा पत्ता."

"नाटक आणि डोळे सारखेच का रे?" बहीण म्हणाली. "डोळ्यांत तेल घालून प्रॉम्प्टिंग करतोस म्हणे."

"तेल चालेल. थेंब नकोत."

आम्ही तिघेही हसलो. मशीनवर बसताना तिने चाकाला नेहमीपेक्षा जोरात हात मारला.

प्रयोग दुपारचा होता. मी विंगेत कुजबुजरावांच्या मागेच उभा होतो. शेवटचा प्रवेश आला. दारावर थाप पडली. महाराज पुढे आले, हात वर केला आणि अडले. नव्या शेवटाच्या दोनच तालमी झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा पानं त्यांच्या हातात होती. नवं वाक्य होतं, "उघडा ते दार, नशीब लिहिणारा समोर येऊ दे." महाराजांनी विंगेकडे कान केला.

कुजबुजराव म्हणाले, "लिहिलेलं..."

झालं. "लिहिलेलं चुकत नाही! दार बंदच राहू दे!" महाराजांनी सहा वर्षांच्या सवयीने जुनं वाक्य ठणकावलं. मुलगा झालेला भांडारातला कारकून यंदा जगायच्या तयारीने उभा होता. त्याने एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा पहारेकऱ्याकडे. पहारेकऱ्याने गोंधळून भाला उचलला आणि तो बिचारा निमूटपणे मेला. मागे नगर जळालं. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या.

पडदा पडताच मास्तर विंगेत घुसले. "पानं दिली होती ना तुम्हाला? झोपला होतात?"

पानं कुजबुजरावांच्या मांडीवर नीट पसरलेली होती. शेजारी त्यांची छोटी बॅटरी होती, पण ती पेटवलेली नव्हती.

"अंधारात वाचत होतात?" मास्तरांनी विचारलं.

"उजेडातही तेवढंच दिसतं, मास्तर. वर्ष झालं. नाटक पाठ होतं म्हणून निभत होतं. नवा शेवटही तालमीत ऐकून पाठ केला होता. दोन्ही शब्द तोंडाशी होते." ते थांबले. "हा बाहेर पडला."

मास्तरांचा राग तिथल्या तिथे विरला. पुढच्या आठवड्यात बहिणीने काही न ऐकता त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही बरोबर गेलो. डॉक्टर तरुण होते, घाईत नव्हते. त्यांनी बराच वेळ तपासलं.

"डावा गेलाय. उजव्यात थोडं शिल्लक आहे. थेंब सुरू करू. राहील तेवढं राहील."

"घराण्यातच आहे आमच्या," कुजबुजराव समजावणीच्या सुरात म्हणाले, जणू डॉक्टरांनाच धीर देत होते.

"आजार घराण्यात असतो. आंधळेपण असतंच असं नाही. तुमच्या बहिणीलाही हाच आहे ना?"

 मग कुजबुजरावांनी विचारलं, "पाच वर्षांपूर्वी आलो असतो तर?"

डॉक्टर लिहायचे थांबले. "बहुतेक आज तुम्ही वाचत असता."

"आणि माझा भाऊ?"

"त्यांना मी पाहिलेलं नाही. पण त्या वेळीही थेंब मिळत होते."

बाहेर येऊन ते बाकावर बसले. बहीण औषध आणायला गेली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "उजव्यात आहे म्हणाले ना थोडं."

"तुम्हाला कळत नाहीये," ते म्हणाले. "काल रात्रीपर्यंत माझं नशीब होतं. बाबांचं होतं, भाऊंचं होतं, माझं होतं. तिघांनी मिळून सोसल्यासारखं होतं. आता ते गेलं. आता नुसताच मी केलेला मूर्खपणा उरलाय. आणि ती टेलिफोनवाली..." पुढचं त्यांनी पुरं केलं नाही. मी शब्द देऊ शकलो नाही.

मला वाटायचं, माणसाला त्याच्या हातात काही होतं हे कळलं की बळ येत असेल. मी तसं होताना पाहिलेलं नाही. त्या दिवसानंतर कुजबुजरावांनी थट्टा सोडली. मंडळाने पुढच्या वर्षी विनोदी नाटक घेतलं. मास्तर स्वतः त्यांना बोलवायला गेले. यांनी दार उघडून, उभ्या उभ्या नाही सांगितलं. बहीण सकाळ-संध्याकाळ त्यांना थेंब घालायची आणि ते मुकाट्याने मान मागे टाकायचे. एकदा ती मला जिन्यात म्हणाली, "भांडला असता तर बरं वाटलं असतं हो. हल्ली माझ्या मशीनचा आवाज आला की आतल्या खोलीत जाऊन बसतो."

उजवा डोळाही पुढच्या हिवाळ्यात गेला. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला होता. त्यानंतर बहिणीने त्यांच्यासाठी थेंब आणणं बंद केलं. शेवटची बाटली तिने उधारीवर आणली होती. औषधाच्या दुकानात त्यांच्या नावावर सत्तर रुपये अजून बाकी आहेत.