आधी मोठ्यानं वाच

वारज्यात हौसाक्कांची खानावळ हाय. बिल्डरच्या कागदावर न वाचता अंगठा उठवून सासऱ्यानं जमीन घालवली, तवापास्नं त्यांच्या घरात एक रीत पडली. सही मागणाऱ्यानं कागद चारचौघांत मोठ्यानं वाचायचा.

परवा भर जेवणाच्या वक्ताला बँकेचा वसुलीवाला आला. अठरा वर्षांमागं थकलेलं आक्कांचं क्रेडिट कार्डाचं बिल त्यानं उकरून काढलं अन् एक कागद पुढं केला.

"मावशी, नुसती पोच म्हणून सही करा. नाहीतर घरावर जप्ती येईल."

"करते की. आधी वाच, बाबा."

गिऱ्हाइकांचे घास हातातच थांबले. वसुलीवाला वाचू लागला, "ही जुनी बाकी मला मान्य असून, ती फेडण्याचे मी वचन देते..." अन् तिथंच अडखळला.

"पोच म्हणालास न्हवं?" आक्का म्हणाल्या. "कार्ड मी वापरलं, नाकारत न्हाय. पण कोर्टात जायची मुदत तीन वर्षांची, तवा तुमची बँक झोपली. आता माझ्या सहीनं मेलेलं देणं जितं करतोस व्हय?"

त्यानं कागदाची घडी घातली. चौथी शिकलेल्या आक्कांनी त्याच्यापुढं ताट सरकवलं.

"जेवून जा. शंभर रुपये, रोख. इथं उधारी बंद हाय."