आधी ओलित, मग धूर

"पयले पानी दाखव, मंग धूर मोजू," असं म्हणत आपा बांधावरच चपला काढायच्या आणि थेट विहिरीकडे निघायच्या. मागून आम्ही.

शेतीत लागणारी कोळशाची वीज आणि डिझेल हवेत किती घाण सोडतात, याची अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत तुलना करायची होती. आपा आमच्या गटाच्या प्रमुख, राहणार अकोल्याच्या जठारपेठेत. मी अमरावतीची. त्यामुळे मोजणी सुरू होण्याआधीच भांडण सुरू झालं होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा मी नुकतेच केस रंगवायला लागले होते. आरशात स्वतःला तिशीची दिसायचे. आरसाही बिचारा काही बोलत नसे. एका शेतात डिझेल इंजिनाशेजारी उभी राहून ऐटीत प्रश्न विचारत होते आणि घामाबरोबर केसांचा रंग कपाळावर उतरला. शेतकऱ्याला वाटलं, इंजिनाचं तेल उडालं. त्यानं रॉकेलची चिंधी पुढे केली.

आपा म्हणाल्या, "घे, पूस. काहून लाजतं? इंजिन जुनंच हाय."

आकडे जुळवून झाले. अमरावतीचा धूर कितीतरी जास्त निघाला. आमच्याकडे वरुड-मोर्शीच्या संत्राबागा, खोल बोअर, सतत चालणारे पंप. अकोल्याचा आकडा लहान. अकोलेकर सहकाऱ्यांनी लगेच पेढे मागवले. मी पराभूत चेहऱ्यानं एक उचललाही.

आपांनी खोका परत सरकवला. "कायचे पेढे? पोरगा परीक्षेलेच बसला नाही, अन् तुमी म्हनता एकबी चूक केली नाही!"

मग मला कळलं. अकोल्यातल्या पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारं, ते पिकाला चालत नाही. पाणीच उपसायचं नाही, तर पंप कशाला आणि धूर कुठून? पण त्याच अहवालावरून शेततळी आणि कमी वीज खाणारे पंप कुणाला द्यायचे ते ठरणार होतं. धूर जास्त त्याला मदत. 'स्वच्छ' ठरलेल्या अकोल्याच्या त्या गावांना काहीच मिळालं नसतं.

बैठकीत कृषी कार्यालयाचे साहेब वैतागले. "आपा, आकडे खोटे आहेत का?"

"नाई साहेब, खरे हायत. म्हनून तर भेव लागते. धुराच्या बाजूले ओलिताचा रकाना टाका. कोनाचं किती शिवार भिजते, तेबी दिसू द्या. नाईतर माही सही नाई."

साहेबांनी पेन पुढे केलं. आपांनी पर्समधून सुपारी काढली आणि शांतपणे कातरत बसल्या. सुपारी संपायच्या आत साहेबांचं पेन खिशात गेलं. रकाना आला. मागून खारपाणपट्ट्यात शेततळीही आली.

परवा त्याच कार्यालयातल्या एका तरुण अधिकाऱ्याचा फोन आला. नवी मोजणी झाली होती. "मॅडम, अकोल्याचा आकडा वाढलाय. काय चुकलं असेल?"

"काही चुकलं नाही रे बाबा," मी म्हटलं, "तिथल्या शेततळ्यांवरचे पंप सुरू झाले. आता ते सौरऊर्जेवर कसे न्यायचे, ते बघ."

अकोला वाढलं म्हणून खूश झालेली अमरावतीची मी पहिलीच बाई असेन. हे सांगून आपांच्या शिव्या खायला आवडलं असतं. पण आपा आता नाहीत. जठारपेठेतल्या त्या दारावर दुसऱ्याच नावाची पाटी आहे.