सदाफुलीचे अर्धे फूल

एम.ए. होऊन बरीच वर्षे लोटल्यावर मला प्रयोगशाळा-तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाला जावेसे वाटले. काचपट्टीवरच्या एका थेंबात कोणाला इतके काही दिसू शकते, याचे अप्रूप मनात केव्हापासून होते. परंतु प्रवेशाला बारावी विज्ञानाची हवी आणि माझी कलाशाखेची. चौकशी खिडकीशी मी अडखळत उभी असताना आतल्या बाईंनीच वाट दाखवली: मुक्त विद्यालयातून विज्ञानाचे विषय सुटे देता येतात.

कोपर गावातल्या आमच्या घरी सासूबाई हसल्या. "एम.ए.नंतर बारावी? उलटी गंगा गं तुझी!" त्या दिवसापासून भाजी मात्र त्याच निवडू लागल्या.

लेखी परीक्षा पार पडली. उरले जीवशास्त्राचे प्रात्यक्षिक. तेवढे हुकले, तर त्या वर्षीचा प्रवेशही हुकणार होता. त्यात फूल चिरून त्याचे भाग दाखवायचे, आणि फूल ज्याचे त्याने आणायचे होते. सकाळी गॅलरीतल्या सदाफुलीचे एक फूल काढून मी ओल्या फडक्यात ठेवले आणि वर्तकनगरच्या परीक्षाकेंद्रावर गेले.

वर्गात उन्हाचा पिवळा तुकडा टेबलावरून हळूहळू सरकत होता. शेजारी माझ्या लेकीच्या वयाची मुलगी जास्वंद कापत होती. मी पात्याने फुलाची नळी अलगद उभी चिरली. भिंगाखाली पाच पुंकेसर नळीच्या भिंतीला बिलगून निजल्यासारखे दिसले. त्यांच्याकडे पाहताना परीक्षेचा विसरच पडला. मग नळीच्या तळाशी अंडाशय शोधू लागले. खाली काहीच नव्हते.

परीक्षक बाई जवळ आल्या. "अंडाशय दाखवा."

"सापडत नाही, मॅडम."

त्यांनी भिंगातून पाहिले. "फूल तोडलंत कसं?"

मी चिमटीने हवेतले फूल वर ओढून दाखवले.

"देवाला काढतात तसं! आमची आईपण अशीच काढते. अहो, अर्धं फूल झाडावरच राहिलं की." शेजारची मुलगी खुदकन हसली. "आवारात सदाफुली आहे. वेळ आहे अजून. देठासकट आणा."

आवारातल्या झाडापाशी मी वाकले. कोणीतरी सकाळीच बहुतेक फुले काढून नेलेली. मागे हिरवे इवलेसे पेले उरले होते. आणि त्यांच्याखाली, जुन्या देठांवर, बारीक शेंगांच्या जोड्या भरत आल्या होत्या. इतकी वर्षे रोज फुले काढली. या शेंगांकडे कधी नजर गेली नव्हती.

उरलेल्यांतले एक फूल देठासकट खुडून आणले. त्याच्या तळाशी अंडाशय सापडला. मी त्याची आकृती काढली, नावे दिली. रेघ सरळ आली.

प्रवेश मिळाला. आता पूजेची फुलेही मी देठासकटच खुडते.

"अगं, देवाला देठ कशाला?" सासूबाई विचारतात.

"असू दे ना, आई," मी म्हणते. "पूर्ण फूल आहे."