झाकण उघडायचा मान

ऑफिसातल्या फायलींना निदान मुदत असते. ती संपली की गठ्ठा बांधून रद्दीत. किश्श्यांचं तसं नाही. आम्ही चौघं, म्हणजे गायकवाड, शेखभाई, बिरादार आप्पा आणि मी, रिटायर होऊन घरी बसलो, तरी नांदेडच्या त्या आवक-जावकच्या खोलीतले किस्से डोक्यात रचलेलेच आहेत, आणि एक ओढला की वरचे चार खाली येतात. गेल्या महिन्यात तसंच झालं. निमित्त झालं गायकवाडच्या घरी आलेल्या स्लो कुकरचं.

*

गायकवाडच्या लेकीनं हैदराबादहून येताना हा कुकर आणला. आत चिनी मातीचं जड भांडं, वर काचेचं झाकण. शिट्टी नाही, जाळ नाही. सोबत रेसिपी पण सांगून गेली. बरगड्यांना मसाला चोळायचा, वर आंबटगोड सॉस ओतायचा, बटण फिरवायचं आणि सहा तास विसरून जायचं. मटण हाडावरून आपोआप सुटतं म्हणे.

पण गायकवाडला विसरून जा म्हणून कोण सांगणार? हा माणूस ऑफिसात चहा उकळायच्या आधी कप हातात घेऊन उभा राहायचा!

बरगड्यांच्या मटणाला आम्ही चाप म्हणतो. शेखभाईंनी चाप निवडून आणले. मी टोमॅटो, चिंच आणि लातूरचा गूळ आटवून सॉस केला, त्यात काळं तिखट सढळ हातानं घातलं. सकाळी आठला कुकर लागला. सव्वाआठला गायकवाडनं झाकण उचलून बघितलं. साडेआठला पुन्हा. काचेतून दिसतंय की, असं मी म्हटलं तर वाफेमुळं दिसत नाही म्हणाला. शेखभाई नमाजला जाताना एकदा ढवळून गेले आणि आल्यावर पुन्हा ढवळलं. मीही दोनदा उचललं, खोटं कशाला बोलू.

दुपारी दोनला चाप तसेच चिवट. तेव्हा कुठं गायकवाडनं चष्मा लावून सोबतची पुस्तिका वाचली. झाकण एकदा उघडलं की शिजायचा वेळ अर्धा तास वाढवावा, असं त्यात छापलं होतं. आम्ही बोटं मोजायला लागलो आणि दोन्ही हातांची संपली.

शेखभाई म्हणाले, "इस हिसाब से तो ये मंगल को पकता."

खूप हसलो. हसून झाल्यावर गायकवाड हळूच म्हणाला, "आप्पा पायजे होते राव."

*

बिरादार आप्पा मूळचे उदगीरचे. घर लिंगायत, गळ्यात लिंग, आणि उभ्या जन्मात मटण तोंडात घेतलेलं नाही. तरी आमच्या पार्टीत झाकण कधी उघडायचं ते आप्पाच ठरवायचे. हे कसं सुरू झालं तेही सांगते.

चाकूरजवळ गायकवाडचं शेत आहे. तिथं आमची पहिली पार्टी झाली, तीन दगडांच्या चुलीवर. गायकवाडनं घाई करून पातेलं उतरवलं. चाप चावता चावता शेखभाईंची दाढ दुखायला लागली. आप्पा लांब लिंबाखाली आपला दहीभात खात बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "कच्चंच व्हतं ते. वासावरून कळून राहिलं व्हतं."

मग आधी का नाही सांगितलं, असं आम्ही तिघांनी एकदम विचारलं.

"मला कोन इचारलं?"

त्या दिवसापासून आम्ही विचारायला लागलो. आप्पांना खायचं नसल्यामुळं त्यांना घाई नसायची, हा आणखी एक फायदा. ते पातेल्यावर वाकायचे, डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अजून पंधरा मिनटं." पहिल्या खेपेला नेहमी हेच. या माणसाला दुसरं वाक्य येतं का, म्हणून आम्ही चिडवायचो. पण पंधरा मिनिटांनी चाप लोण्यासारखे निघायचे, हेही खरं.

*

एकदा नवीन साहेब पार्टीला आले. लातूरहून मोटारसायकलवर, उपाशी. आल्या आल्या त्यांनी पातेलं उतरवायला सांगितलं. गायकवाड तर वाटच बघत होता, त्यानं फडकं हातात घेतलंच.

आप्पा आडवे आले. "साहेब, हापिसात तुमची सही. हितं माझी."

आम्हाला वाटलं, आता आप्पांची बदली जळकोटला. साहेबांनी आप्पांकडं बघितलं, पातेल्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं पोत्यावर जाऊन बसले. पुढं तीन वर्षं ते होते. प्रत्येक पार्टीत आप्पांच्या शेजारी बसायचे आणि मिनिटं मोजायचे.

*

आप्पांच्या घरी मात्र यातलं काही माहीत नव्हतं, असं आप्पा समजायचे. पार्टी झाली की ते शेतातल्या मोटारीच्या पाण्याखाली अंघोळ करायचे, पिशवीतला धुतलेला शर्ट घालायचे आणि मगच नांदेडला निघायचे. किती वर्षं हे चाललं!

एका रविवारी आम्ही त्यांना घरी सोडायला गेलो. महानंदाक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा दिला. आप्पा कपडे बदलायला आत गेले तशा त्या मला म्हणाल्या, "ताई, आज तिखट जरा करपलं का तुमचं?"

खरोखरच करपलं होतं. आप्पांना मी आजपर्यंत हे सांगितलेलं नाही.

*

मध्ये तीन वर्षं माझी बदली लातूरला झाली. तिथं कुणी ओळखीचं नव्हतं. एका रविवारी एकटीनंच चाप शिजवायला घेतले आणि काय वाटलं कोण जाणे, आप्पांना फोन लावला.

त्यांनी कशा आहात, बऱ्या आहात का, असलं काहीच विचारलं नाही. "खोबऱ्याचा वास येतो का लसणाचा?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, लसणाचा.

"मंग अजून पंधरा मिनटं. फोन ठेवू नका."

पंधरा मिनिटं आम्ही फोनवर होतो. ऑफिसात कोण काय करतंय ते सगळं त्यांनी सांगितलं. त्या भाड्याच्या खोलीत मला पहिल्यांदा बरं वाटलं, ते त्या दिवशी.

*

रिटायर झाल्यावर आप्पांना मोठा ताप आला. त्यातून उठले, पण वास गेला तो गेलाच. येईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले होते. महानंदाक्का सांगत होत्या की ओट्यावर दूध करपून काळं झालं आणि आप्पा शेजारीच पेपर वाचत बसले होते.

त्यानंतर ते आमच्यात यायचे बंद झाले. कधी गुडघा दुखतोय, कधी पाहुणे आलेत. शेवटी गायकवाडला म्हणाले, "आता माझं तिथं काय काम हाय?" दोन वर्षं झाली या गोष्टीला. आप्पा नाहीत म्हणून आमची पार्टीही बंद पडली.

*

म्हणून त्या फजितीनंतरच्या रविवारी सकाळीच मी ऑटो करून त्यांच्या दारात गेले.

"जयभीम ताई."

"शरणार्थ आप्पा. चला."

भेटताना त्यांनी माझा नमस्कार करायचा आणि मी त्यांच्या लिंगायतांचा, ही आमची जुनी रीत. मशीन आणलंय म्हणून त्यांनी ऐकलं होतं. वेळ झाली की ते आपणच वाजतं, मग मी कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "वाजतंय खरं. पण गायकवाडचा हात कोण धरणार?"

ते खूप दिवसांनी हसले आणि चपला घातल्या.

सकाळी आठपासून आप्पा गायकवाडच्या ओट्यापाशी खुर्ची टाकून बसले. गायकवाड दोनदा जवळ आला. आप्पांनी नुसतं बघितलं, तो परत गेला. सहा तास झाकण हललं नाही. बारानंतर गुळाचा, तिखटाचा, मटणाचा असा वास सुटला की शेजारीण काय केलंय म्हणून विचारून गेली. शेखभाई आत येता येता "वा, क्या खुशबू" म्हणायला गेले आणि अर्ध्यातच थांबून खोकले. तो वास सगळ्या घराला येत होता आणि एकट्या आप्पांना येत नव्हता.

दोनला कुकर वाजला. काचेतून दिसत होतं, मटण हाडं सोडून खाली बसलं होतं.

कुणी उठलं नाही.

गायकवाड म्हणाला, "आप्पा, बघता का जरा?"

आप्पांनी आमच्याकडं एकेकाकडं बघितलं. मग उठले. कुकरवर वाकले, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. झाकणाच्या कडेची वाफ चष्म्यावर धरली.

"अजून पंधरा मिनटं," आप्पा म्हणाले.

गायकवाडनं बटण पंधरावर फिरवलं, आणि आम्ही चौघं खाली बसलो.