आंदणाच्या मेंढीतून आलेला कॉम्प्युटर

अपेक्षाच्या लग्नात दगडाबाईंनी लेकीला भांडी कमी दिली आणि एक गाभण मेंढी दिली. असली मेंढी सासरी न्यायची नसते. ती माहेरच्या कळपातच चरते, आणि तिची पैदास लेकीच्या नावाने वाढत जाते. अकरा वर्षांनी यंदा त्यातली नऊ मेंढरं विकून दगडाबाई माण तालुक्यातून पलूसला आल्या. कमरेच्या पिशवीतून बहात्तर हजार रुपये काढून त्यांनी लेकीपुढे ठेवले.

"तुझं तुला. आता काय करायचं ते कर."

काय करायचं ते अपेक्षाने दोन वर्षं मनात घोळवलं होतं. ती बी.कॉम. झालेली. नवरा जयराज दुधाच्या टँकरवर, पहाटे जायचा तो दुपारी यायचा. लेक शाळेत गेली की अपेक्षा मोबाइलवर शेअर बाजार उघडून बसायची. पहिले सहा महिने तिने नुसतंच वहीत घेतलं-विकलं लिहून पाहिलं, मग थोड्या पैशांवर सुरू केलं. नफा बेताचा होता; पण ती टिकली होती, आणि तिच्या ओळखीत टिकलेलं दुसरं कोणी नव्हतं. अडचण पडद्याची होती. तळहाताएवढ्या मोबाइलवर आलेख बघायचा की सौदा टाकायचा? एकदा कणीक मळता मळता अंगठा सरकला आणि विकायचे शेअर तिने आणखी विकत घेऊन ठेवले. तेव्हापासून तिला टेबलावरचा कॉम्प्युटर हवा होता. पण बाजारात फिरवायचं भांडवलही याच बहात्तर हजारांतलं होतं. कॉम्प्युटरनेच ते खाल्लं, तर त्याच्यावर बघत काय बसायचं?

जयराजचं म्हणणं निराळं. त्याने कुठल्याशा व्हिडिओत चार पडद्यांची, निळ्या-तांबड्या उजेडाची खोली पाहिली होती. एकदाच घ्यायचा तर दणक्यात घेऊ, असा त्याचा हेका. सांगलीतल्या दुकानातून त्याने आकडाही आणला होता : अठ्ठ्याहत्तर हजार. वरचे सहा तो स्वतः घालणार होता. नवरा इतक्या हौसेने देतोय म्हटल्यावर अपेक्षाच्या तोंडून 'नाही' निघेना.

दगडाबाई भाकरी चुरता चुरता ऐकत होत्या. "जावयबापू, उद्या मी बी जाते हिच्यासंगं," त्या म्हणाल्या. "न बघता जनावर घेत न्हाईत."

जयराज टँकरवर गेला आणि मायलेकी एसटीने सांगलीला निघाल्या.

दुकानाचे मालक नाथाजी पन्नाशीचे, गोड बोलणारे. त्यांनी काचेच्या पेटीतला कॉम्प्युटर लावला. आतले पंखे रंगीत दिव्यांनी लखलखले. दगडाबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, मागे हात लावून ऊब पाहिली आणि विचारलं, "ह्यो खातो किती?"

नाथाजींना वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. पण तिला विजेचंच विचारायचं होतं. मग तिने विचारलं, हे दिवे कशाला, आणि आतली ही वीस हजारांची फळी कशाला. नाथाजी म्हणाले, ते ग्राफिक्स कार्ड, गेम खेळायला लागतं.

"शेअरचे आलेख बघायला?" अपेक्षाने विचारलं.

नाथाजींनी मान खाजवली. "तसं बघितलं तर न्हाई लागत."

"मग बैल कशाला विकतायसा? पोरीला दुधाला शेळी पायजे," दगडाबाई म्हणाल्या. "आन् ह्ये चारून-पाजून उभं केलेलं हाय. बाजारात मीठ चारून पाणी पाजत्यात, शेळीचं पोट टुमटुमीत दिसतं. घरी नेली की दुसऱ्या दिवशी सपाट. मला दमलेलं जनावर दावा."

दुकानात दमलेलं काय असणार? पण दगडाबाईंची नजर काउंटरवर गेली होती. तिथे प्रांजल नावाची मुलगी एका काळ्या, धूळभरल्या कॉम्प्युटरवर बिलं करत होती. या आल्यापासून तिच्यापुढची गिऱ्हाइकांची रांग हटत नव्हती आणि तिचे हात थांबत नव्हते.

"ह्यो कवापासनं राबतोय, बाय?"

"मी लागले तवापासनं हायच की. पाच वर्षं झाली."

"आजारी पडला?"

"एकदा माऊस बदलला."

दगडाबाईंनी नाथाजींकडे वळून शांतपणे सांगितलं, "ह्याचा भाऊ दावा."

आणि भाऊ होता. एका कंपनीने बदललेले वीस कॉम्प्युटर नाथाजींनी घाऊक घेतले होते, तसलेच; काही गोदामात शिल्लक होते. अपेक्षाने मात्र नुसत्या नात्यावर भागवलं नाही. मेमरी सोळा जीबी करून मागितली, नवी एसएसडी घालायला लावली, एक वर्षाची हमी बिलावर लिहून मागितली. मग दोन साधे पडदे जोडून, बाजार चालू असतानाच तिने त्यावर सहा आलेख, सौद्याची खिडकी आणि बातम्या एकदम उघडल्या. तासभर मायलेकी स्टुलावर बसून होत्या. कॉम्प्युटर कुठे अडखळला नाही. त्या तासात नाथाजींनी दोनदा चहा पाजला.

सगळ्याचे मिळून नाथाजींनी चौतीस हजार सांगितले. दगडाबाईंनी कॉम्प्युटरवर टाकायचं प्लॅस्टिकचं कव्हर उचललं, आपल्या हातावर पसरलं आणि त्याखालून हात पुढे केला.

अपेक्षाला धरणी दुभंगावी असं झालं. वडील गेल्यानंतर आई म्हसवडच्या जनावरांच्या बाजारात अशीच, कापडाखाली बोटं दाबून भाव ठरवायला उभी राहायची. बाईमाणसाने कापडाखाली हात घालायचा नसतो म्हणून दलाल हसले, तर हिने स्वतःचाच पदर पसरला होता. पण ते म्हसवडला. हे सांगलीतलं एसीचं दुकान.

 नाथाजींच्या चेहऱ्यावर शाळकरी हसू पसरलं. "आमचं म्हातारं बैलांचं दलाल होतं, मावशी," ते म्हणाले आणि त्यांनी कव्हराखाली हात घातला.

बोटाला एक हजार. कव्हर हलत होतं, वरची दोन तोंडं मख्ख होती. एकदा नाथाजी मान हलवून हात काढायला निघाले, म्हातारीने मनगट सोडलं नाही. प्रांजलने बिल करायचं थांबवलं. गिऱ्हाइकांनीही तक्रार केली नाही. शेवटी दोघं एकदमच हसले. एकोणतीस हजार पाचशे.

दुसरं कोणी असतं तर वाचलेले साडेचार हजार घरी नेले असते. अपेक्षाने त्यातल्या साडेतीन हजारांचा, वीज गेली तरी कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा यूपीएस घेतला. पलूसला वीज कधीही जाते हे तिला माहीत होतं. सौदा अर्धवट असताना गेली तर काय होतं, तेही. दगडाबाईंना तो काळा ठोकळा म्हणजे दुकानदाराने शेवटी गळ्यात मारलेली म्हातारी मेंढी वाटली. एसटीत त्यांनी पडद्याचं खोकं कोकरासारखं मांडीवर धरलं होतं, पण लेकीशी पलूस येईपर्यंत बोलल्या नाहीत.

जयराजचं तोंड उतरलं. "ह्यो तर पतसंस्थेत असतो तसला."

"पतसंस्था चालतीया न्हवं?" सासूने विचारलं.

तो तासाभराने हसला, आणि गणपतीतली दिव्यांची माळ काढून त्याने टेबलाच्या कडेने लावली. दगडाबाईंनी पिशवीतून डबी काढली आणि मेंढरांच्या पाठीवर खुणेसाठी ओढायच्या तांबड्या रंगाची एक रेघ कॉम्प्युटरच्या डोक्यावर ओढली. कळपात चुकू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाजार उघडला. अपेक्षाने एका पडद्यावर आलेख ठेवला, दुसऱ्यावर सौदा. अंगठ्याला आता काही काम नव्हतं. साडेदहाला थोडे शेअर घेतले आणि अकराच्या सुमाराला पंखा थांबला, माळ विझली. टेबलाखालून टीं टीं सुरू झालं.

भिंतीला टेकलेल्या दगडाबाई दचकून उठल्या. "का बोंबलतंय ते?"

"लाइट गेली, आये. दहा मिनिटांत आवर म्हणतंय."

दोन्ही पडदे उजळ होते, इंटरनेट मोबाइलवरून चालूच होतं. अपेक्षाने घाई न करता आकडा वाचला, पुन्हा वाचला, विकलं. एकशे साठ रुपये सुटले होते. मग तिने कॉम्प्युटर रीतसर बंद केला.

दगडाबाई वाकून टेबलाखाली बघत होत्या. "म्हंजे ह्ये राखणीचं कुत्रं हाय," त्या म्हणाल्या. "काल दुकानात सांगायचं की गं. मी उगंच बसभर तोंड फिरवून बसले."

त्यांनी रंगाची डबी पुन्हा उघडली, बोट बुडवलं आणि त्या ठोकळ्यालाही एक रेघ ओढली.