नानांचा डावा पाय

नानांचा सगळा राग डाव्या पायात होता. शिकणाऱ्याने क्लच झटक्यात सोडला आणि गाडी आचका देऊन बंद पडली, की नाना आपल्या बाजूच्या पॅडलवर तो पाय दाणकन आपटत. धुळ्यातल्या कितीतरी नोकरदार बायकांनी त्यांच्याकडे ड्रायव्हिंग शिकताना बोलणी खाल्ली, मीही त्यातलीच. सगळं काही डाव्या पायात, हे नानांचं पालुपद: "बठ्ठं डाव्या पायमा शे, माय!"

पहिल्या दिवशी ते गाडी सुरूच करू देत नसत. दोन तळहात क्लचच्या प्लेटांसारखे समोरासमोर धरत. एक इंजिनाचा, फिरणारा. दुसरा चाकांचा, थांबलेला. पॅडल दाबलं की दोन्ही सुटे. सोडताना हळूहळू टेकवले, तरच दुसरा पहिल्याबरोबर फिरणार. मग तळहात खसाखसा चोळून आमच्या नाकाशी आणत. "वास ऊना, की प्लेट जळनी समज."

शुगरने नेमका तोच पाय नेला. चपलेची जखम चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नाना ओट्यावर बसून जाणाऱ्या गाड्यांचे गिअर ऐकत आणि चालवणाऱ्यांना शिव्या देत. त्यांची बायको, अक्का, मला म्हणाल्या, "गाडीबिगर यास्ना जीव लागत नही."

म्हणून मी माझी ऑटोमॅटिक गाडी त्यांच्या दारात नेली. तिला क्लचचं पॅडलच नाही. "मंग इंजिन नि चाक टेकतस कशा?" नानांनी विचारलं. टेकतच नाहीत, मी म्हणाले. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये समोरासमोर दोन पंखे, मध्ये तेल. इंजिनाचा पंखा तेल फेकतो, त्या जोराने दुसरा फिरतो. नाना आपल्या तळहातांकडे बघत राहिले.

मैदानात त्यांनी गाडी झकास चालवली. चेहराच पालटला होता. मग थांबायला ब्रेक दाबला, आणि पिन लावून दुमडलेली डावी पँट ताठ झाली. नसलेल्या पायाने नाना क्लच दाबत होते. कापलेल्या जागेची जखम सीटला घासून ते कळवळले, तरी दाबतच राहिले. क्लच न दाबता थांबलं तर गाडी बंद पडेल ना! ती बंद पडली नाही. ब्रेकवरचा पाय सैल होताच आपणहून पुढे सरकू लागली.

"म्हंजे मी नही ऱ्हायनू तरी हाई चालस," नाना म्हणाले. गाडी थांबवून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मला त्या गाडीचा फार राग आला. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही.

हिवाळ्यात नाना गेले. दारातून शववाहिनी निघताना ड्रायव्हरने क्लच झटक्यात सोडला. गाडी आचका देऊन बंद पडली. ओट्याशी उभ्या असलेल्या आम्ही सगळ्या जुन्या विद्यार्थिनींनी दचकून नानांकडे पाहिलं.