लीलावैनींच्या खोलीतला खोकला

उचगावात ब्लाऊज शिवणाऱ्या पुष्कळ आहेत. पण मापाबरोबर पोटातलंही काढून ठेवावं अशी खोली एकच होती, लीलावैनींची. मी शाळेत मास्तरीण, तोंडाची फटकळ, कुणाजवळ सहसा मोकळी न होणारी. तरी बदलीच्या वर्षी मी त्यांच्या स्टुलावर बसून ढसाढसा रडले होते. वैनींनी मशीन थांबवलं नाही की पाठीवर हात फिरवला नाही. एवढंच म्हणाल्या, "रडा बाई. हितलं हितंच ऱ्हातंय." आणि खरंच, ती गोष्ट त्या खोलीबाहेर गेली नाही.

गेल्या श्रावणात त्या पाणी भरायला मागे गेल्या तेवढ्यात पिको-फॉलला आलेली एक रेशमी साडी दारातून चोरीला गेली. साडी होती गिऱ्हाइकाची. वैनी आठ दिवस धड जेवल्या नाहीत. मग त्यांनी कॅमेरा घ्यायचं ठरवलं, स्वस्तातला, बल्बाएवढा.

आता वैनी म्हणजे कापडाचा पन्हा दोनदा मोजून मग कात्री लावणाऱ्या. दुकानदाराला त्यांनी सळो की पळो करून सोडलं. चित्र कुठं जातंय? कोण कोण बघतंय? दुकानात बसून तुम्हाला दिसतंय काय? तो म्हणाला, "काकी, तुमच्याच मोबाईलात दिसणार. ही कॅमेऱ्याच्या पोटावर चिकटवलेली चिठ्ठी तेवढी जपा, त्यात नंबर आन् पासवर्ड हाय. घरला गेल्यावर पासवर्ड बदलून टाका." यांनी चिठ्ठी जपायची हे लक्षात ठेवलं आणि बदलायचं विसरल्या. घरी आल्यावर कॅमेऱ्याचं तोंड दाराकडे केलं. ब्लाऊज घालून बघायच्या कोपऱ्याला जाड पडदा लावला. वर कुणी पडद्याआड गेलं की कॅमेऱ्याची वायरही काढायची. मी चेष्टा केली, "वैनी, मंत्र्याच्या बंगल्याला एवढा बंदोबस्त नसतो." त्या म्हणाल्या, "आयाबायांची अब्रू हाय बाई, थट्टा न्हवं." कॅमेऱ्याच्या डोळ्याचा त्यांनी असा सगळा विचार केला होता. त्याला कानही आहेत, हे त्यांच्या मनात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही नाही.

खंडेनवमीला वैनींनी रिवाजाप्रमाणे मशीन पुसून पुजलं. शेजारी कात्री, टेप, इस्त्री मांडली, आणि नवं हत्यार म्हणून कॅमेराही. झेंडूच्या हारात तो धड उभा राहीना, म्हणून आडवा ठेवला, पोटावरची चिठ्ठी वर. हळदीकुंकू वाहिलं, फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. अख्ख्या गल्लीनं तो बघितला. मी तर हात जोडलेलं चित्रसुद्धा पाठवलं.

दिवाळीच्या शिलाईची घाई सुरू झाली. आमच्या गल्लीतली संयोगिता माप द्यायला आली, तेव्हा वैनींजवळ बोलली. नर्सिंगला फॉर्म भरलाय, नंबर लागला की मगच घरात सांगणार. हे तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी सासऱ्यानं तिची सगळी कागदपत्रं कपाटात कुलूपबंद केली. प्रवेशाची तारीख उलटून गेली.

संयोगिता भर गल्लीत वैनींच्या दारापुढे उभी राहिली. "काकी, तुमच्याबिगर कुणाला म्हाईत नव्हतं. शिवायचं सोडून उसवायला कधीपासनं लागलासा?"

वैनी म्हणत होत्या, "न्हाय गं पोरी, ह्या मशीनची आन. मी कुणाला बोललो न्हाय." कुणी ऐकलं नाही. बायका अर्धवट शिवलेली कापडं उचलून घेऊन गेल्या. त्यांत माझाही ब्लाऊज होता. मी लाजेनं नाही, तावातावानं नेला. मला माझं ते जुनं रडणं आठवत होतं आणि ते या बाईनं कुठं कुठं सांगितलं असेल, या विचारानं अंगाची लाही होत होती.

मग एका दुपारी वैनी एकट्याच बसल्या होत्या. काम नव्हतं म्हणून जुनी उशी शिवत होत्या. फळीवरचा कॅमेरा खोकला.

आधी खाकरला, मग खोकला. तो खोकला वैनी तीस वर्षं ओळखत होत्या. बाळासो, त्यांचा धाकटा दीर, पुढच्याच घरात राहणारा. वैनी लग्न होऊन आल्या तेव्हा तो दहा वर्षांचा होता. शाळेची चड्डी-सदरे त्यांनीच शिवले, लग्नातला कोटसुद्धा त्यांनीच बसवून दिला.

त्या तशाच उठून पुढच्या घरात गेल्या. बाळासो कॉटवर आडवा पडला होता. छातीवर मोबाईल, आणि मोबाईलवर वैनींचीच खोली, त्यांचं मशीन, आत्ता सोडून आलेलं रिकामं स्टूल. बोलायचं बटण त्याच्या अंगठ्याखाली दाबलं गेलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता.

"वैनी, चोरी झालती न्हवं? ध्यान असावं म्हणून बघत हुतो की," तो उठून बसत म्हणाला.

"आन् संयोगिताच्या सासऱ्याला कुणी सांगितलं?"

"ते... चहा पिताना निघालं बोलण्यातनं. आन् मी काय कुलूप फोडलं व्हय? चिठ्ठी तुम्हीच स्टेटसला लावलासा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे भाईर बोलू नगासा. माझं काय जायचं न्हाय, तुमचाच धंदा बसंल."

यातलं शेवटचं मात्र त्यानं खरं सांगितलं होतं. चहाडखोर बाईला गल्ली चार महिन्यांत विसरते, शिलाई चांगली असली तर त्याआधीच. पण जिच्या खोलीत पुरुषाचा कान होता, तिच्याकडे कोण जाणार? वैनी गप्प बसल्या असत्या तर निम्मी गिऱ्हाइकं परत आली असती.

त्या गप्प बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पदर खोचून दारोदार निघाल्या, आधी संयोगिताकडे, मग एकेकीकडे. माझ्याकडे आल्या तेव्हा मी दारातच उभी राहिले.

"बाई, माझ्या खोलीत तुम्ही जे बोललासा ते दसऱ्यापासनं माझा दीर ऐकत हुता. मला ठाव नव्हतं. पण खोली माझी हाय, म्हणून सांगायला आलो."

मी काय बोलायला हवं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. वैनी, चुकलं माझं, तुमच्यावर संशय घेतला. माझं रडणं तर दसऱ्याच्या कितीतरी आधीचं, ते कुणीच ऐकलेलं नव्हतं. पण माझ्या तोंडून निघालं ते असं, "आणि पडद्याआड? तेव्हा त्यानं बघितलं का हो मला?"

वैनी म्हणाल्या, "तवा वायर काढायचो मी. पर दिवाळीच्या घाईत दरवेळी काढली का, हे शपथ घिऊन न्हाय सांगता यायचं."

खोटं बोलणं किती सोपं होतं त्यांना. "बरं," मी म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मशीन आता विकलं. वैनी एमआयडीसीत पॅकिंगला जातात. संयोगितानं पुढच्या वर्षाचा फॉर्म भरलाय, तो कुठं ते कुणाला सांगत नाही. विषय निघाला की सगळ्यांच्या आधी मीच सांगते, दिरानं दगा दिला हो त्या बाईला, सख्ख्या दिरानं. सगळ्या हळहळतात. तू काय केलंस, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही.